छात्रालयाची माउली

साने गुरुजी म्हणजेच पांडुरंग सदाशिव साने. त्यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड या गावी झाला. १९२४ साली ते खानदेशात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. पुढे शाळेच्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्यावर आली.

छात्रालयात नाना घरची मुले राहत. कोणाचे अंथरूण तसेच पडलेले असे, कोणाचे कपडे अस्ताव्यस्त असत, तर कोणाच्या कंदिलाची काच काजळलेली असे. अशा मुलांना छडीने वळण लावावे, असा त्या काळचा रिवाज होता. गुरुजींनी छडी घेतली नाही, केरसुणी घेतली! मुले बाहेर गेली, की ते त्यांच्या खोल्या झाडीत, अंथरुणे आवरीत, कपड्यांच्या घड्या घालीत आणि कंदील पुशीत. याबद्दल ते कोणाला एका शब्दानेही बोलत नसत. हे सारे कोण करतो, हे उमगताच मुले मनोमन शरमली आणि आपली कामे आपण करू लागली. धाकाने जे साधले नसते, ते मायेने साधले.

ही माया त्यांना आईकडून लाभली होती. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहून त्यांनी ते ऋण कृतज्ञतेने सांगितले.

१९३० साली स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरण्यासाठी गुरुजींनी शाळा सोडली होती. ११ जून १९५० रोजी त्यांनी देह ठेवला. दुसऱ्यास वळण लावू पाहणाऱ्याने आधी स्वतः वाकावे, हाच त्यांच्या शिक्षकपणाचा धडा होय.