नेताजी पालकर : दुरावले आणि परतले

जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने जाताना खालापूर तालुक्यात चौक हे गाव लागते. नेताजी पालकर यांचे मूळ गाव म्हणून ते ओळखले जाते.

नेताजी हे शिवाजी महाराजांच्या घोडदळाचे सरनोबत. १६५९ साली प्रतापगडच्या युद्धात अफजलखानाच्या फौजेची दाणादाण उडविण्यात त्यांचा मोठा वाटा होता. प्रतिशिवाजी असा त्यांचा लौकिक झाला.

जानेवारी १६६६ मध्ये पन्हाळ्यावरील हल्ला फसला. नेताजी वेळेवर पोहोचले नाहीत, म्हणून महाराजांनी त्यांना पदावरून दूर केले. दुखावलेले नेताजी प्रथम विजापूरकरांकडे व नंतर मिर्झाराजे जयसिंहांच्या खटपटीने मोगलांकडे गेले. त्याच वर्षी महाराज आग्र्याहून निसटले आणि औरंगजेबाने नेताजींना कैद करविले. १६६७ साली कैदेत असताना त्यांचे धर्मांतर झाले. मुहम्मद कुलीखान हे नवे नाव घेऊन त्यांना दूर काबूलच्या मोहिमेवर जावे लागले.

पुढे दिलेरखानाबरोबर ते दक्षिणेत आले आणि १६७६ साली महाराजांकडे परतले. प्रायश्चित्तविधी करून महाराजांनी त्यांना पुन्हा आपल्या धर्मात व समाजात सामावून घेतले.

परतण्यास धैर्य लागते. परंतु आलेल्याला जुना हिशेब न मागता जवळ करण्यास त्याहून मोठे मन लागते, असे आम्हांस वाटते. आपल्या घरांतून व वाड्यांतून रागावून दूर गेलेली माणसे आजही आहेत. त्यांच्यासाठी आपले दार उघडे आहे काय, याचा विचार आपण करावा.