खिशात पैसा न ठेवणारा हमाल : डब्लिनचा मॅट टॅल्बट

नागपूर : आपल्या भागात कोणी तुळशीची माळ घातली की त्याची दारू-मटण सुटलं, असं गाव धरून चालतं. माळकरी माणूस भट्टीकडं वळताना दिसला तर लोकच त्याला टोकतात. ख्रिस्ती लोकांतही देवासमोर शपथ घेऊन दारू सोडायची अशीच रीत आहे. त्या रीतीनं सुटलेला सगळ्यात नावाजलेला माणूस म्हणजे आयर्लंड देशातल्या डब्लिन शहराचा मॅट टॅल्बट. साधा हमाल होता.

जन्म २ मे १८५६ चा. बारा भावंडांत हा दुसरा. बाप बंदरावर कामाला, तोही पिणारा. मॅटची शाळा नावालाच झाली. बाराव्या वर्षी तो दारूच्या व्यापाऱ्याकडं बाटल्या भरायच्या कामाला लागला आणि तिथंच चव लागली. पोरगा झिंगून घरी येतो हे पाहून बापानं मारलं, ते काम सोडवलं आणि बंदरावर आपल्याजवळ लावून घेतलं. पण तिथं व्हिस्कीची कोठारं! म्हणजे आगीतून फुफाट्यात.

पुढं सोळा वर्षं तेच. शनिवारी मजुरीचा चुकारा झाला की पैसा सरळ दुकानात, घरी आईच्या हातात काही नाही. पैसे संपले की पायातले बूट गहाण. एकदा तर त्यानं अन् त्याच्या सोबत्यांनी रस्त्यावर फिडल वाजवून पोट भरणाऱ्या गरीब माणसाचं वाद्यच चोरलं आणि विकून दारू प्याली.

१८८४ मधला एक शनिवार. मॅट २८ वर्षांचा. आठवडाभर कामावर गेला नव्हता, खिसा रिकामा. ज्यांना आपण इतकं पाजलं ते आज आपल्याला पाजतील, म्हणून तो दुकानाबाहेर उभा राहिला. सोबती चुकारा घेऊन आले, रामराम घातला आणि आत निघून गेले. एकानंही बोलावलं नाही. ते त्याच्या जिवाला लागलं. घरी येऊन त्यानं आईला सांगितलं, की आपण शपथ घेणार. आईला विश्वास बसणं कठीणच होतं.

नागपुरात सेमिनरी हिल्स हे नाव जसं पाद्री घडवणाऱ्या संस्थेवरून पडलं, तशीच संस्था डब्लिनला क्लॉनलिफ इथं होती. तिथं जाऊन मॅटनं पाद्र्यापुढं आपल्या चुका कबूल केल्या आणि शपथ घेतली. जन्मभराची नाही, फक्त तीन महिन्यांची. मग सहा महिन्यांची, आणि त्यानंतर कायमची.

खरी अडचण शपथेनंतर सुरू झाली. काम सुटल्यावर संध्याकाळी जायचं कुठं? ज्या वेळेत तो दुकानात बसायचा, त्या वेळेत तो चर्चमध्ये जाऊन बसू लागला. पहाटे उठून कामाआधी प्रार्थनेला, संध्याकाळी परत चर्च. तरी एक दिवस पाय दुकानात वळलेच. गर्दीत दुकानदाराचं लक्ष गेलं नाही, मॅट चिडून बाहेर पडला आणि चर्च गाठलं. त्या दिवसापासून त्यानं खिशात पैसे ठेवणंच बंद केलं. (रोज भरपूर पिणाऱ्यानं मात्र डॉक्टरला न विचारता एकदम सोडू नये. झटके येतात, जिवावरही बेतू शकतं.)

तंबाखूही सुटली. नवा पाइप आणि तंबाखू घेतली होती, तेवढ्यात एकानं चिमूटभर मागितली. मॅटनं दोन्ही त्याच्या हातात दिलं, पुन्हा कधी ओढली नाही. आपल्याकडच्या खर्रा खाणाऱ्यांना हे किती अवघड आहे ते सांगायला नको.

जुनी उधारी त्यानं फेडली. फिडलवाल्याला शहरभर शोधलं, तो सापडला नाही. मग त्याच्यासाठी प्रार्थना व्हावी म्हणून चर्चला पैसे दिले. अडखळत वाचणारा हा माणूस लाकडाच्या वखारीत हमाली करून रात्री धर्माची पुस्तकं वाचायचा आणि अडलेला शब्द दुसऱ्याला विचारायचा. मजुरीतला बराच पैसा गरिबांना जायचा.

फळीवर झोपणं, लाकडाची उशी, असं त्यानं शरीराला फार कष्टवलं. ते काही सगळ्यांना पटण्यासारखं नाही. ७ जून १९२५ च्या रविवारी चर्चला जाताना तो गल्लीत कोसळला आणि तिथंच गेला. दवाखान्यात नेल्यावर कपड्यांखाली अंगाला बांधलेल्या साखळ्या निघाल्या. पिण्याची १६ वर्षं आणि न पिण्याची ४१, असा हिशेब झाला. १९७५ मध्ये पोपनं त्याला 'वंदनीय' ठरवलं. संतपदाची पुढची पायरी अजून बाकी आहे. ज्या बंदरावर तो राबला, त्याच्याजवळ नदीवर १९७८ मध्ये त्याच्या नावाचा पूल झाला.

मॅटच्या मागं असा कुठला गट नव्हता. दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना धरून राहायचं, ही अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची पद्धत त्याच्या मरणानंतर दहा वर्षांनी, १९३५ मध्ये अमेरिकेत निघाली. तिची मुळंही ख्रिस्ती प्रार्थना गटातच होती, पण तिथं देव कोणता ते ज्याचं त्यानं ठरवायचं. नागपुरातही या सभा भरतात. फी नाही, आणि आडनावही कोणी विचारत नाही.