यानुश कोर्चाक

यानुश कोर्चाक (जन्मनाव: हेन्रिक गोल्डश्मित, जन्म: २२ जुलै १८७८ किंवा १८७९, वॉर्सा, मृत्यू: ऑगस्ट १९४२, ट्रेब्लिंका) हे पोलिश-ज्यू बालरोगतज्ज्ञ, लेखक व शिक्षणतज्ज्ञ होते. रुग्णालयातील नोकरी सोडून त्यांनी वॉर्सा येथील ज्यू अनाथालयाचे संचालकपद स्वीकारले आणि सुमारे तीस वर्षे ते सांभाळले. बालहक्कांच्या विचाराचे ते आद्य प्रवर्तक मानले जातात.

बालपण व शिक्षण

कोर्चाक यांचा जन्म वॉर्सा शहरातील एका सुस्थितीतील ज्यू कुटुंबात झाला. पोलंडचा हा भाग त्या काळी रशियन साम्राज्यात होता. वडील यूझेफ हे वकील होते. त्यांना मानसिक आजार जडल्याने घराची आर्थिक स्थिती ढासळली व १८९६ मध्ये त्यांचे निधन झाले. शाळेत शिकणाऱ्या हेन्रिक यांना शिकवण्या करून घरखर्चास हातभार लावावा लागला. इतरांच्या मुलांशी त्यांचा संबंध आला तो असा, प्रथम उपजीविकेच्या निमित्ताने.

१८९८ मध्ये त्यांनी वॉर्सा विद्यापीठात वैद्यकाच्या अभ्यासक्रमास प्रवेश घेतला. त्याच सुमारास एका साहित्यस्पर्धेसाठी त्यांनी कोर्चाक हे टोपणनाव घेतले व पुढे ते त्याच नावाने ओळखले जाऊ लागले. शहराच्या गरीब वस्त्यांतील मुलांचे जीवन पाहून त्यांनी लिहिलेली कादंबरी १९०१ मध्ये प्रसिद्ध झाली.

शिबिरे व रुग्णालय

१९०४ पासून कोर्चाक यांनी गरीब मुलांच्या उन्हाळी शिबिरांत पर्यवेक्षक म्हणून काम केले. खेळांची व कार्यक्रमांची भरपूर तयारी करून ते पहिल्या शिबिरास गेले. परंतु मुलांना शिस्त लावणे त्यांना जमले नाही. गोंधळ आवरेना, तेव्हा त्यांनी धाकदपटशाचा आधार घेतला. या फजितीतूनच मुलांना उपदेश करण्याऐवजी त्यांच्याशी बोलले पाहिजे, त्यांचे ऐकून घेतले पाहिजे, हे त्यांना उमगले. शिबिरांतील अनुभवांवर त्यांनी दोन पुस्तके लिहिली. स्वतःच्या चुका त्यांनी पुढेही शैक्षणिक लेखनात मोकळेपणाने मांडल्या.

याच काळात ते वॉर्सा येथील ज्यू बालरुग्णालयात डॉक्टर होते. रुग्णालयात बरे झालेले मूल उपासमार व दाटीवाटीच्या घरात परत जाते व पुन्हा आजारी पडते, हे त्यांनी वारंवार पाहिले. आजारावर उपचार करणे पुरेसे नसून मुलाचे संपूर्ण जगणेच बदलावयास हवे, या विचाराने १९१२ मध्ये त्यांनी रुग्णालय सोडले. मुलांना एकटे सोडल्याची खंत मात्र त्यांना पुढेही वाटत राहिली. त्यांनी विवाह केला नाही.

अनाथालय

१९१२ मध्ये क्रोखमाल्ना रस्त्यावर 'अनाथांचे घर' ही संस्था सुरू झाली. स्तेफानिया विल्चिन्स्का या तेथील प्रमुख शिक्षिका व त्यांच्या निकटच्या सहकारी होत्या. कोर्चाक तेथेच राहत असत. मुलांची उंची व वजन ते नियमितपणे नोंदवीत आणि प्रत्येक मुलाच्या वागण्याच्या बारीकसारीक नोंदी ठेवीत.

संस्थेचा कारभार बऱ्याच अंशी मुलांच्या हाती होता. मुलांची संसद, भिंतीवरील सूचनाफलक, वृत्तपत्र व न्यायालय ही त्याची अंगे होती. न्यायालयाच्या संहितेतील बहुतेक कलमे क्षमेची होती. कठोर शिक्षा क्वचितच होत असे. मुलांप्रमाणेच मोठ्यांवरही खटला भरता येई. स्वतः कोर्चाक सहा महिन्यांत पाच वेळा या न्यायालयापुढे उभे राहिले होते. त्यांपैकी एक प्रसंग मुलाला चापट मारल्याचा होता, तर दुसरा एका मुलीवर चोरीचा संशय घेतल्याचा.

१९१९ मध्ये मारिया फाल्स्का यांच्यासह त्यांनी पोलिश मुलांसाठी 'आमचे घर' ही दुसरी संस्था उभारण्यास साहाय्य केले.

लेखन

पहिल्या महायुद्धात रशियन सैन्यात डॉक्टर म्हणून काम करीत असताना त्यांनी मुलांवर प्रेम कसे करावे या विषयावरील आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिण्यास प्रारंभ केला. १९२० च्या दशकात त्यांची 'राजा मातियुश पहिला' ही बालकादंबरी प्रसिद्ध झाली. देश चालवू पाहणाऱ्या बालराजाची ही कथा आहे. १९२६ मध्ये त्यांनी मुलांनीच लिहिलेले साप्ताहिक सुरू केले. ते एका ज्यू दैनिकाची पुरवणी म्हणून निघत असे. १९३० च्या दशकात पोलिश आकाशवाणीवर ते 'म्हातारा डॉक्टर' या नावाने लोकप्रिय झाले.

अखेरची वर्षे

१९३९ मध्ये जर्मनीने पोलंड ताब्यात घेतले व पुढील वर्षी अनाथालयास ज्यूंसाठी बंदिस्त केलेल्या वस्तीत हलविण्यात आले. स्थलांतराच्या वेळी मुलांसाठीची बटाट्यांची गाडी जप्त झाल्यावर कोर्चाक यांनी तक्रार केली. त्याबद्दल त्यांना तुरुंगवास घडला. वस्तीत ते दारोदार फिरून मुलांसाठी अन्न व पैसा गोळा करीत.

१८ जुलै १९४२ रोजी मुलांनी रवींद्रनाथ टागोर यांचे 'डाकघर' हे नाटक सादर केले. खोलीत बंदिस्त झालेल्या आणि राजाच्या पत्राची वाट पाहत मृत्यूस सामोरे जाणाऱ्या आजारी मुलाची ही कथा आहे. चारच दिवसांनी वस्तीतील ज्यूंची छळछावणीकडे रवानगी सुरू झाली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अनाथालयातील सुमारे दोनशे मुलांना नेण्यात आले. पोलिश मित्रांनी कोर्चाक यांना वस्तीबाहेर लपविण्याची तयारी पूर्वीच दर्शविली होती. ती त्यांनी नाकारली होती. ते, विल्चिन्स्का व इतर कर्मचारी मुलांसह चालत रेल्वेस्थानकापर्यंत गेले. ट्रेब्लिंका येथे त्या सर्वांची हत्या झाली.

वारसा

युनेस्कोने १९७८-७९ हे वर्ष कोर्चाक यांच्या स्मरणार्थ साजरे केले. १९७८ मध्ये पोलंडने संयुक्त राष्ट्रसंघापुढे बालहक्क करारनाम्याचा प्रस्ताव मांडला; १९८९ मध्ये तो करारनामा स्वीकारला गेला. मूल हे भविष्यातील माणूस नसून आजचेच माणूस आहे, हा कोर्चाक यांचा विचार त्या प्रस्तावामागील प्रेरणांपैकी एक मानला जातो. ट्रेब्लिंका येथील स्मारकात हजारो शिळा आहेत. त्यांपैकी एकाच शिळेवर व्यक्तीचे नाव कोरलेले असून ते यानुश कोर्चाक आणि त्यांच्या मुलांचे आहे.