आनंदीबाई आणि रोझेलची मावशी

आनंदीबाई जोशी म्हटलं की शाळेत पाठ केलेलं एकच वाक्य आठवतं: अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेली पहिली मराठी स्त्री. मार्कांपुरतं ते ठीक आहे. पण यंदा त्यांच्याबद्दल वाचताना मला वेगळाच प्रश्न सतावत होता. अठरा वर्षांची मुलगी, नवरा सोबत नाही, समोरच्या किनाऱ्यावर पत्रांपलीकडे ओळखीचं कुणी नाही. मग पहिले दिवस तिने काढले कसे?

आनंदीबाईंचा जन्म 31 मार्च 1865 चा. माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं. पती गोपाळराव पोस्टात नोकरीला, वयाने वीसेक वर्षांनी मोठे. बायकोने शिकलंच पाहिजे हा त्यांचा हट्ट, आणि तो कधी कधी जाचही व्हायचा. चौदाव्या वर्षी मुलगा झाला तो दहाच दिवस जगला. बायकांना तपासायला बाई डॉक्टर हवी, हे आनंदीबाईंना कुणी शिकवावं लागलं नाही.

इथे आम्हा ख्रिस्ती मुलांनी जरा थांबून वाचावं असा भाग येतो. बेळगावहून जवळच असलेल्या कोल्हापुरात असताना गोपाळरावांनी अमेरिकेतल्या एका मिशनरी संपादकाला पत्र लिहून बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागितली. ते पत्र छापून आलं, पण सोबत सल्लाही आला की आधी ख्रिस्ती व्हा. कॅथलिक घरात वाढलेली मी, हे वाचून ओशाळले. मदत मागणाऱ्याला आधी अट घालायची, हे आपल्या प्रभूने कुठे केलं होतं?

पण तोच अंक न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या हाती दाताच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या पडला. त्यांनी अट न घालता पत्र पाठवलं. मग पत्रं सुरू झाली, ती वर्षानुवर्षं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

निघण्याआधी 24 फेब्रुवारी 1883 रोजी बंगालमधल्या श्रीरामपूर कॉलेजात त्यांचं जाहीर भाषण झालं. कॉलेज मिशनऱ्यांचं, म्हणजे आपल्यासारखंच. तिथे उभं राहून त्यांनी ठणकावून सांगितलं की मी हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार. 7 एप्रिलला, म्हणजे अठरावं सरून आठवडा होतो न होतो तोच, कलकत्त्याहून बोट निघाली. सोबतीला मिशनच्या ओळखीच्या बायका होत्या, पण घरचं कुणी नाही. शाकाहारी असल्याने खाण्याची आबाळ झाली, धर्माचा आग्रहही ऐकून घ्यावा लागला. असे जवळपास दोन महिने काढून 4 जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. धक्क्यावर कार्पेंटरबाई स्वतः न्यायला आल्या होत्या.

मला वाटतं, आनंदीबाई तगल्या त्या या उन्हाळ्यामुळे. कॉलेज सुरू व्हायला अजून चार महिने होते. ते त्यांनी रोझेलच्या घरात काढले. तिथे त्या पाहुणी म्हणून कोपऱ्यात बसल्या नाहीत, घरातल्याच एक झाल्या. साडी, कुंकू, शाकाहारी जेवण सगळं तसंच राहिलं. कुणी बदल म्हटलं नाही, आणि त्यांनीही यजमानांना परकं मानलं नाही. परक्या गावात रुळणं म्हणजे स्वतःला पुसून टाकणं नव्हे, हे त्या घराने करून दाखवलं.

शरद ऋतूत मावशीच त्यांना फिलाडेल्फियाला पोचवायला गेल्या. तिथल्या विमेन्स मेडिकल कॉलेजच्या डीन रेचेल बॉडली यांनी त्यांना सांभाळून घेतलं. पण मावशी परत गेल्यावर खरी एकटी खोली सुरू झाली. फायरप्लेस पेटवली की धूर, विझवली की गारठा. नऊवारीत पोटऱ्या थंडीने काकडायच्या, म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. बदल एवढाच, आणि तोही गोपाळरावांना कळवून. आज आपल्याला हसू येईल, पण त्या काळात नेसण्यातला फरकसुद्धा जाब विचारण्याजोगा होता.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मार्च 1886 मध्ये त्या एम.डी. झाल्या. पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डची जबाबदारी ठरली होती. पण त्या परतल्या त्या क्षय घेऊनच. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. एकाही पेशंटला नीट तपासायला मिळालं नाही, हे मनाला लागून राहतं.

गोपाळरावांनी त्यांची रक्षा मावशींकडे पाठवली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीत, कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमीत ती आहे. ख्रिस्ती घराण्याच्या जागेत, शेवटपर्यंत हिंदू राहिलेली एक मुलगी.

आपल्या हॉस्टेलला दर जूनमध्ये लांबून मुली येतात. कुणाचं जेवण वेगळं, कुणाची प्रार्थना वेगळी. पहिल्या आठवड्यात त्यांच्या खोलीचं दार वाजवताना मला यंदा कार्पेंटरबाई आठवतील. आधी जेवलीस का, एवढंच विचारायचं, बाकीचं नंतर.