पाखरांचा हिशेब ठेवणारा माणूस

अंजनगाव सुर्जी : दिवाळीचे दिवे विझले आणि सातपुड्यावरून गार वारे उतरू लागले, की अंजनगाव परिसरातील पाणवठ्यांचे रूप पालटते. शहानूर धरणाच्या पाण्यावर, गावतळ्यांच्या काठावर आणि ओलिताखालच्या शेतांत परदेशी पाहुणे दिसू लागतात. चक्रवाकाची केशरी जोडी, थापट्या, तलवार बदक, शेपटी नाचवत फिरणारे धोबी आणि ज्वारीच्या कणसांवर ढगासारख्या उतरणाऱ्या भोरड्या. वऱ्हाडातील शेतकऱ्याला भोरड्या नव्या नाहीत. गोफण घेऊन माळ्यावर उभे राहण्याची पाळी त्याच्या आज्या-पणज्यावरही आली होती. मात्र हे पक्षी येतात कोठून, जातात कोठे आणि दरवर्षी नेमके याच दिवसांत का येतात, या प्रश्नांची शास्त्रशुद्ध उत्तरे शोधण्याची परंपरा भारतात रुजवली ती डॉ. सलीम अली यांनी.

महाराष्ट्रात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर या काळात पक्षी सप्ताह साजरा होतो. राज्य शासनाने २०२० मध्ये त्याची घोषणा केली. सप्ताहाचा पहिला दिवस मेळघाटसह विदर्भातील जंगले पायाखाली घालणारे अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनाचा, तर शेवटचा दिवस डॉ. सलीम अली यांच्या जयंतीचा. चितमपल्ली जून २०२५ मध्ये निवर्तले. सलीम अली यांना जाऊन त्याआधीच कितीतरी वर्षे लोटली होती. आजच्या पिढीला त्यांचे नाव ठाऊक आहे ते पाठ्यपुस्तकातील धड्यामुळे. धड्यामागचा माणूस मात्र त्याहून कितीतरी गुंतागुंतीचा आणि म्हणूनच अधिक जवळचा वाटावा असा आहे.

एका चिमणीपासून सुरुवात

सलीम मोईझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षभराचे असताना वडील गेले, तिसऱ्या वर्षी आईचे छत्र हरपले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतील घरात या पोरक्या मुलांना वाढवले. मामा शिकारीचे शौकीन होते, त्यामुळे घरात बंदुका होत्या आणि छोट्या सलीमच्या हाती छऱ्यांची बंदूक आली. त्या काळी पक्षिनिरीक्षण नावाचा छंद भारतीय घरांत कोणाला माहीत नव्हता. पक्षी एकतर मारायचा, नाहीतर पिंजऱ्यात ठेवायचा, एवढाच संबंध.

एके दिवशी पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही नेहमीची चिमणी नव्हे, हे मुलाच्या लक्षात आले. मामालाही उत्तर देता येईना. त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी दिली. दबकत गेलेल्या त्या मुलाला मिलार्ड यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले, पेंढा भरलेल्या पक्ष्यांनी भरलेले खण उघडून दाखवले, वाचायला पुस्तके दिली. पुढील सुमारे ८० वर्षांच्या प्रवासाचे मूळ या एका भेटीत आहे. आत्मचरित्राचे नावही त्यांनी त्या चिमणीवरूनच ठेवले.

पदवी नाही, नोकरी नाही

शाळेत ते चमकले नाहीत. १९१३ मध्ये मॅट्रिकची परीक्षा कशीबशी पार पडली. पुढे ब्रह्मदेशातील तवॉय येथे कुटुंबाच्या खाणव्यवसायात मदतीसाठी त्यांची रवानगी झाली. तेथील जंगलात त्यांचे मन धंद्यापेक्षा पाखरांतच अधिक रमले. १९१७ मध्ये परतल्यावर त्यांनी व्यापारी शिक्षण घेतले आणि फादर ब्लॅटर यांच्या आग्रहाने सेंट झेवियर्स महाविद्यालयात प्राणिशास्त्राचेही धडे घेतले. विद्यापीठाची पदवी मात्र त्यांच्याकडे नव्हती आणि त्याची किंमत त्यांना मोजावी लागली. १९१८ च्या डिसेंबरात तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

१९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून त्यांना दरमहा ३५० रुपयांवर नोकरी मिळाली. दोन वर्षांत त्यांनी रजा घेतली आणि जर्मनी गाठली. बर्लिनमध्ये प्रा. एर्विन स्ट्रेझमान यांच्या हाताखाली ते शिकले. उत्तर समुद्रातील हेलिगोलँड बेटावर स्थलांतरित पक्ष्यांना पकडून पायात कडी घालण्याचे काम त्यांनी जवळून पाहिले. मेलेल्या पक्ष्याची कातडी मोजण्यापेक्षा जिवंत पक्ष्याचे जगणे टिपणे महत्त्वाचे, ही दृष्टी त्यांना तेथे मिळाली.

१९३० मध्ये परतले, तो पैशाअभावी त्यांचे पदच रद्द झालेले. हाताशी काम नाही, मुंबईचा खर्च परवडणारा नाही. पती-पत्नी अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. घराजवळच्या झाडावर सुगरणींनी घरटी लटकवली होती. नोकरी गमावलेला हा माणूस रोज त्या घरट्यांसमोर बसून नोंदी करू लागला. नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडले तर मुक्काम करते आणि मग नर दुसरे घरटे विणायला घेऊन दुसऱ्या मादीची वाट पाहतो, हा सारा क्रम त्यांनी उलगडून दाखवला. सुगरणीवरील त्यांचा हा अभ्यास १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या पक्षितज्ज्ञांनी त्याची दखल घेतली.

संस्थानांची पायपीट

यानंतर त्यांनी एक वेगळाच मार्ग काढला. पक्ष्यांच्या पाहणीचा खर्च संस्थानांनी करावा, आपण पगार मागणार नाही, असा त्यांचा प्रस्ताव होता. निजामाच्या हैदराबाद संस्थानापासून सुरुवात झाली. आजचा मराठवाडा तेव्हा याच संस्थानात मोडत असे. छत्रपती संभाजीनगरातील एका तलावाला पुढे त्यांचे नाव मिळाले. हैदराबादपाठोपाठ कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ असा प्रवास झाला. बैलगाडी, तंबू, डाकबंगले आणि सोबत तेहमिना. नोंदींची व्यवस्था लावण्यापासून मुक्कामाच्या सोयीपर्यंत त्यांचा हात असे. १९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर तेहमिना यांचे निधन झाले. सलीम अली यांनी पुन्हा विवाह केला नाही. बहीण कम्मू आणि मेहुणे हसन अली यांच्या घरी ते राहू लागले आणि कामात अधिकच बुडाले.

१९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले. पक्षी ओळखण्यासाठी साहेबांचे जाड ग्रंथ चाळण्याची गरज त्याने संपवली. पंडित नेहरूंनी हे पुस्तक कन्या इंदिरा यांना भेट दिले होते. १९४५ मध्ये कच्छच्या मोठ्या रणात जाऊन त्यांनी रोहित पक्ष्यांच्या वीणवसाहतीची पाहणी केली. फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावरील कामार्गच्या खाऱ्या दलदलीत ज्याच्यासाठी युरोपातील पक्षिप्रेमी गर्दी करतात, तोच हा मोठा रोहित. एवढी अफाट वसाहत आपल्या देशात आहे, हे तोवर फारसे कोणाला ठाऊक नव्हते.

हिवाळी पाहुण्यांच्या अभ्यासाला खरी गती आली ती १९५९ नंतर. त्याच्या दोन वर्षे आधी कर्नाटकातील क्यासनूर जंगलात माकडतापाची साथ आली होती. गोचिडांमार्फत पसरणाऱ्या या रोगाचा विषाणू स्थलांतरित पक्ष्यांबरोबर आला असावा, अशी शंका घेतली गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने सोसायटीने पक्ष्यांना कडी घालण्याचा मोठा प्रकल्प सुरू केला. ॲल्युमिनियमच्या छोट्या कड्यावर क्रमांक आणि मुंबईचा पत्ता. हजारो मैलांवर कोणाच्या हाती असा पक्षी लागला आणि त्याने कळवले, की नकाशावर एक रेघ उमटे. अशा रेघांतूनच भारतीय तळ्यांचे मध्य आशिया आणि सायबेरियाशी असलेले नाते सिद्ध होत गेले. डिलन रिप्ले यांच्यासह लिहिलेला भारत आणि पाकिस्तानातील पक्ष्यांचा १० खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पूर्ण झाला.

चुकांचाही हिशेब

मान मोठा मिळाला. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभेचे सदस्यत्व. सायलेंट व्हॅली वाचवण्याच्या लढ्यात त्यांचे वजन उपयोगी पडले. भरतपूरच्या राजेरजवाड्यांच्या शिकारखान्याचे रूपांतर राष्ट्रीय उद्यानात होण्यातही त्यांचा वाटा मोठा.

मात्र भरतपूरच्याच बाबतीत त्यांचे एक मत चुकीचे ठरले. उद्यानात गुरे-म्हशी चरता कामा नयेत, असा त्यांचा आग्रह होता. १९८२ मध्ये चराईबंदी झाली. त्यावरून उसळलेल्या संघर्षात पोलिसांच्या गोळीबारात गावकऱ्यांचे प्राण गेले. पुढे सोसायटीच्याच शास्त्रज्ञांनी केलेल्या दीर्घ अभ्यासातून निराळेच सत्य पुढे आले. म्हशी थांबल्याने पाण्यात गवत माजले, उघडे पाणी कमी झाले आणि पाणपक्ष्यांनाच जागा उरली नाही. ज्या संस्थेला त्यांनी निरीक्षणाची शिस्त लावली, तिनेच त्यांचे मत नोंदींच्या आधारे खोडून काढले. त्यांच्या शिकवणीचा याहून मोठा विजय दुसरा नसावा.

दुसरी गोष्ट आपल्या मेळघाटाशी जोडलेली आहे. १९३७ मध्ये ते ब्रिटिश लष्करी अधिकारी व पक्षितज्ज्ञ रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्यासह अफगाणिस्तानच्या पाहणीवर गेले होते. या गृहस्थाने आपल्या दैनंदिनीत सलीम अली यांच्याविषयी हिणकस मजकूर लिहिला होता. सलीम अली यांनी तो आत्मचरित्रात स्वतःहून छापला. माइनर्ट्झहागेन यांचा खरा प्रताप मात्र त्यांच्या हयातीत पूर्ण उघड झाला नाही. रानपिंगळा हे सातपुड्यातील छोटे घुबड १८८४ नंतर शास्त्रज्ञांना आढळले नव्हते. १९१४ मध्ये आपण गुजरातेत ते मिळवल्याचा माइनर्ट्झहागेन यांचा दावा होता आणि त्या ठिकाणी केलेले शोध वाया जात होते. पामेला रासमुसेन यांनी तपासले, तेव्हा तो नमुना संग्रहालयातून चोरून खोटी चिठ्ठी लावलेला, मुळात खानदेशातील निघाला. मग खऱ्या नोंदींच्या जागी शोध घेतला गेला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. त्यानंतर मेळघाटातही तो सापडला. अंजनगावाहून उत्तरेला दिसणाऱ्या डोंगररांगांत हा पक्षी सारा वेळ नांदत होता.

हे पाहायला सलीम अली नव्हते. २० जून १९८७ रोजी, वयाच्या नव्वदीत, कर्करोगाने त्यांचे मुंबईत निधन झाले होते. १९९० मध्ये कोइम्बतूर येथे त्यांच्या नावाने पक्षिविज्ञान केंद्र उभे राहिले. २०१६ मध्ये हिमालयातील एका नव्या कस्तुर पक्ष्याला त्यांचे नाव देण्यात आले.

वऱ्हाडातील ज्वारीचा पेरा घटून तेथे सोयाबीन आणि कपाशी आली. भोरड्यांचे थवे आता कोठे उतरतात, किती उतरतात, तळ्यावरची बदके गतवर्षीपेक्षा वाढली की घटली, हे सांगायला कोणाच्या तरी वहीत नोंद असावी लागते. खोटी नोंद एका पक्ष्याला कशी दडवते, हे रानपिंगळ्याने दाखवले. नोंदच नसेल, तर पक्षी नाहीसा झाल्याचेही कळणार नाही. किहीमच्या झाडाखाली बसलेल्या त्या बेकार तरुणाजवळ दुर्बीण, वही आणि वेळ एवढेच होते. शहानूरच्या काठावर आज एवढे भांडवल असलेला कोणीही बसू शकतो.