एकच गाडी, अवघे जग

हेन्री फोर्ड म्हटले की आपल्यापुढे उभे राहते ते यश. मला मात्र त्याच्या चरित्रात अधिक विचार करायला लावला तो त्याच्या एका पराभवाने.

३० जुलै १८६३ रोजी मिशिगन राज्यात डिअरबॉर्नजवळ एका शेतकऱ्याच्या घरी त्याचा जन्म झाला. शेतीपेक्षा यंत्रांत त्याचे मन रमे. १९०३ मध्ये त्याने फोर्ड मोटर कंपनी काढली आणि १९०८ मध्ये ‘मॉडेल टी’ बाजारात आणली. दणकट आणि चिखलवाटा तुडवणारी ही गाडी अमेरिकन शेतकऱ्यांनी डोक्यावर घेतली. १९११ पासून मँचेस्टरजवळ ट्रॅफर्ड पार्क येथेही तिची जुळणी होऊ लागली. एकच गाडी साऱ्या जगाला पुरेल, अशी फोर्डची श्रद्धा होती.

पण अमेरिकेत पेट्रोल स्वस्त आणि अंतरे लांब. ब्रिटनची तऱ्हा निराळी. त्यात १९२१ पासून तेथील सरकारने दर अश्वशक्तीमागे वर्षाला एक पौंड कर बसवला. गंमत अशी, की ही अश्वशक्ती प्रत्यक्ष मोजलेली नसे. सिलिंडरांची संख्या आणि व्यास यांवरून ती सूत्राने काढत. पिस्टन किती लांब धावतो, हे हिशेबातच नव्हते. साहजिकच तिकडचे कारखानदार अरुंद सिलिंडरांची, लांब धावेची इंजिने बनवू लागले. मॉडेल टीला वर्षाला २३ पौंड कर पडे. १९२२ साली आलेल्या चिमुकल्या ऑस्टिन सेव्हनला अवघे ८. १९२४ मध्ये मॉरिसने ब्रिटनमध्ये फोर्डला मागे टाकले.

मुलगा एड्सेल नव्या गाडीसाठी आग्रह धरी; बाप ऐकेना. अखेर १९२७ मध्ये, दीड कोटी गाड्या निघाल्यावर, मॉडेल टी बंद झाली. १९३१ मध्ये थेम्सकाठी डॅगनहॅमला प्रचंड कारखाना उभा राहिला, पण तिथे बनवायला ब्रिटिशांना परवडेल अशी गाडीच नव्हती! तेव्हा कुठे फोर्ड वाकला. १९३२ मध्ये आली ९३३ घनसेंटिमीटर इंजिनाची ‘मॉडेल वाय’. तिचा कर होता ८ पौंड. तिने डॅगनहॅमला तारले.

एड्सेल १९४३ मध्ये वारला, हेन्री १९४७ मध्ये. ज्या हट्टाने त्याला मोठे केले, त्यानेच पुढे त्याची वाट अडवली. यशाच्या दिवसांत घरच्या माणसाचे ऐकणे इतके अवघड का असावे, हा प्रश्न हे चरित्र मिटल्यावरही माझ्या मनातून जात नाही.