आधी गाव वाचावे

आमच्या आष्टीचे नाव निघाले की १९४२ च्या हुतात्म्यांची आठवण निघते, आणि ती निघायलाच हवी. पण गावाला जसा इतिहास असतो, तशी जमीनही असते. तिचा उतार, पाण्याची वाट, विहिरी, पारावरचे झाड. ही जमीन वाचायला शिकवणारे एक स्कॉटिश गृहस्थ मला फार जवळचे वाटतात. त्यांचे नाव पॅट्रिक गेडेस.

त्यांचा जन्म १८५४ चा, तारीख वर्धेकरांच्या ओळखीची : २ ऑक्टोबर. हक्सलेंसारख्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली ते शिकले, पण पदवी काही घेतली नाही. १८७९ साली मेक्सिकोत डोळे दुखावले. सूक्ष्मदर्शकाचे काम अवघड झाले. दुसरा कोणी खचला असता. गेडेस झाडापानांवरून माणसांच्या वस्तीकडे वळले. १८८६ मध्ये पत्नी ॲना यांच्यासह एडिंबरोच्या जुन्या, गलिच्छ वस्तीत राहायला गेले. तिथे घरे दुरुस्त केली, पडक्या जागांवर बागा फुलवल्या. पुढे १८८८ पासून डंडीत वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापकही झाले.

वयाच्या साठाव्या वर्षी, १९१४ मध्ये, ते हिंदुस्थानात आले. नगररचनेचे त्यांचे प्रदर्शन घेऊन येणारे जहाज ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने बुडवले. आयुष्याची जमवाजमव समुद्रात गेली. मित्रांनी नव्याने साहित्य जमवून पाठवले आणि हा माणूस पुन्हा विद्यार्थी झाला. गावोगावच्या गल्ल्या त्यांनी पायी पालथ्या घातल्या.

वैद्य आधी नाडी पाहतो, मग औषध देतो. गेडेस यांची रीत तीच. रुंद सरळ रस्त्यासाठी गरिबांची घरे सरसकट पाडणे त्यांना मान्य नव्हते. मोडकळीला आलेली मोजकी घरे काढावीत, मोकळ्या जागेत झाड लावावे, असे ते सांगत. हिवतापाच्या भीतीने तळी बुजवू नयेत, त्यांत डासांच्या अळ्या खाणारे मासे सोडावेत, हाही त्यांचाच आग्रह.

१९१७ साली मुलगा महायुद्धात पडला. त्याच वर्षी ॲनाबाईही इथेच तापाने गेल्या. तरी १९१८ मध्ये होळकरांच्या इंदूरचा दोन खंडांचा अहवाल त्यांनी पुरा केला. प्लेगने गांजलेल्या त्या शहरात त्यांनी दिवाळीची मिरवणूकच स्वच्छतेच्या कामी लावली. ज्या रस्त्यांवरची घरे सर्वांत स्वच्छ, त्या रस्त्यांनी मिरवणूक नेली, आणि सफाई कामगारांना तीत मानाने चालवले.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात ते समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. गोविंद सदाशिव घुर्ये हे त्यांचे विद्यार्थी. १९२४ मध्ये गेडेस परतले. १९३२ मध्ये फ्रान्समधील माँपेलिए येथे वारले.

मला त्यांच्या विद्वत्तेपेक्षा ही न संपलेली उमेदवारी मोठी वाटते. प्रत्येक गाव त्यांना नवी शाळा होते. आपल्या गावाचा आराखडा करणाऱ्यानेही कागद पसरण्यापूर्वी एक पावसाळा गावातून चालावे. पाणी कुठून येते, कुठे थांबते, म्हातारी माणसे कोणत्या सावलीत बसतात, हे पाहावे. तेवढे शिकल्याशिवाय झाडावर कुऱ्हाड पडू नये आणि विहीर बुजू नये.